माझा आवडता लेखक : जरा उशिराच लिहिलेला निबंध



‘माझा आवडता लेखक’ हा निबंध मी आजवर किती वेळा तपासला असेल, त्याचा हिशोब नाही. पंचवीस वर्षं मराठी शिकवतेय आणि दरवर्षी नववीच्या निदान दोन तुकड्या असतातच. साने गुरुजी, पु. ल., कुसुमाग्रज, अण्णाभाऊ. मुलं हीच नावं लिहितात, कारण आम्हीच ती फळ्यावर लिहून देतो. इथेही चार-पाच वर्षांपूर्वी मी याच विषयाचा नमुना निबंध दिला होता, साने गुरुजींवर. त्यात एक वाक्य होतं : ‘रोज रात्री झोपण्यापूर्वी आई मला ‘श्यामची आई’मधली एक गोष्ट वाचून दाखवत असे.’ बऱ्याच जणांनी ते वाक्य आवडल्याचं आवर्जून कळवलं होतं.

ते वाक्य खोटं होतं. माझी आई रात्री दहापर्यंत स्वयंपाकघरात असायची आणि पाठ टेकली की झोपायची. ‘श्यामची आई’ मी स्वतः वाचलं, शाळेत असताना, भरपूर रडले, आणि गुरुजींबद्दल आजही मनात आदर आहे. पण आवडता लेखक म्हणजे ज्याचं पुस्तक हातात आलं की ताटातलं जेवण गार होतं, असा लेखक म्हणायचं असेल, तर ते नाव दुसरंच होतं. ते मी कधी कुठे लिहिलं नाही. शिक्षकांच्या खोलीत सुद्धा कधी बोलले नाही. आज लिहिते. नारायण धारप.

साल १९९०-९१. तेव्हाचं औरंगाबाद. मी नववीत होते. वडील सरकारी नोकरीत, आम्ही खोकडपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. चालत जाण्याच्या अंतरावर एक खाजगी लायब्ररी होती. महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक, आणि कार्ड अर्थातच दादाच्या नावावर. लायब्ररीवाले काका मला मासिकं द्यायचे, फार तर एखादी कौटुंबिक कादंबरी. धारप मागितले की म्हणायचे, ‘ते पोरींनी वाचायचं नसतं. रात्री घाबरशील अन् तुझे वडील मला येऊन बोलतील.’ मग दादाला मध्ये घालावं लागायचं. दादाला पुस्तकांत काडीचा रस नव्हता, पण व्यवहार पक्का : एका पुस्तकामागे एकदा त्याची सायकल पुसायची. त्या वर्षी दादाची सायकल अख्ख्या गल्लीत चकाचक होती.

समर्थांच्या गोष्टी मी अशाच वाचल्या. समर्थ आणि त्यांच्याबरोबरचे अप्पा जोशी. ज्यांनी वाचल्यात त्यांना सांगायला नको. धारपांची गोष्ट भुतापासून सुरू होत नाही. ती एखाद्या शहाण्यासुरत्या, नोकरी-धंदा करणाऱ्या माणसापासून सुरू होते, ज्याला जागा बदलायची असते किंवा कुणाचं तरी पत्र आलेलं असतं. दहा पानं सगळं आपल्या घरासारखंच चाललेलं असतं. मग एक छोटीशी गोष्ट जागेवरून हलते. मराठीत परिच्छेद कसा बांधायचा, वाचकाला कुठे थांबवायचं, हे मी बी.एड.मध्ये शिकले नाही. तिथे शिकले. पण असं मुलाखतीत कोण सांगतं?

त्याच वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीने ‘लुचाई’चं नाव सांगितलं. तिच्या मामाकडे होती म्हणे. ती म्हणाली, ‘यात भूत एका माणसाला धरत नाही गं, अख्ख्या गावाला धरतं.’ लायब्ररीत विचारलं की उत्तर ठरलेलं : बाहेर आहे. दादा तीन-चार वेळा जाऊन आला. दर वेळी बाहेर. पुढे दहावी आली, मग कॉलेज, बी.एड., नोकरी, लग्न. लायब्ररी बंद पडली, तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ‘लुचाई’ राहूनच गेली. आपल्या शहरातल्या साकेत प्रकाशनाने धारपांची बरीच पुस्तकं नव्याने काढली, ती दुकानात रचलेली मी येता-जाता पाहिलीही. पण मराठीच्या मॅडमनी, ओळखीच्या दुकानात, भुताची पुस्तकं चाळत उभं राहायचं? नाही राहिले उभी. काही गोष्टींत माणूस पन्नाशीतही नववीतलाच असतो.

२०२५ हे धारपांचं जन्मशताब्दी वर्ष. ते १९२५ साली जन्मले, २००८ मध्ये गेले, आणि शंभरावर पुस्तकं मागे ठेवून गेले. त्याच वर्षीच्या दिवाळीत घराची साफसफाई झाली आणि मी रद्दी घालायला गेले. काट्याच्या बाजूला जुन्या गाईडांचा आणि दिवाळी अंकांचा ढीग होता. त्यात एक बिनकव्हरचं पुस्तक, पुठ्ठ्यावर कुणीतरी निळ्या शाईने लिहिलेलं : लुचाई – धारप. पहिली काही पानं नव्हती. शेवटचीही नव्हती, पण ते तेव्हा कळलं नाही. रद्दीवाल्याने ते काट्यावर टाकलं आणि म्हणाला, ‘द्या बारा रुपये.’ माझ्या रद्दीचे त्याने मला जे दिले त्यातूनच वळते झाले. पस्तीस वर्षं वाट पाहिलेली वस्तू वजनावर मिळाली!

त्या रात्री दीडपर्यंत वाचत बसले. मधे एकदा उठून मागच्या दाराची कडी बघून आले. हसू नका.

आता इथे थोडं थांबून ‘व्हॅम्पायर’ या प्रकाराबद्दल बोलते, कारण वर्गात मुलांनी हाच प्रश्न विचारला होता : मॅडम, याला मराठीत काय म्हणायचं? नेमका शब्द नाही. ‘रक्तपिपासू’ हे विशेषण झालं, ‘पिशाच्च’ फारच मोघम. आपल्याकडे भुतांची काही टंचाई नाही. मुंजा, हडळ, खवीस, जखीण, ब्रह्मराक्षस. पण यातल्या बहुतेकांचं काहीतरी गाऱ्हाणं असतं. मुंज झाली आणि लग्नाआधीच गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. त्यांचं काही राहिलेलं असतं. ते मिटवलं की भूत जातं, निदान आजी तरी तसंच सांगायची. व्हॅम्पायरचं काहीच राहिलेलं नसतं. त्याला फक्त भूक असते. आणि मुख्य म्हणजे तो साथीसारखा पसरतो. ज्याला चावला तो त्याच्यासारखा होतो. काल ज्याच्याकडून आपण वाटीभर साखर आणली, तोच आज रात्री खिडकीशी उभा असतो आणि ओळखीच्या आवाजात दार उघडायला सांगतो.

बोलावल्याशिवाय त्याला घरात येता येत नाही, हा त्याचा एक जुना नियम. हे वाचलं तेव्हा मला आजीच आठवली. ती सांगायची, रात्री कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, तिसऱ्या हाकेची वाट बघायची. कुठे युरोप, कुठे आमची आजी. पण उंबरठ्याच्या आत आपण आणि बाहेर अंधार, ही विभागणी दोन्हीकडे सारखीच दिसते.

एक अडचण मात्र मोठी आहे. विलायती व्हॅम्पायर शवपेटीतून उठतो. आपल्याकडे बहुतेकांना अग्नी देतात. उठायला देहच शिल्लक राहत नाही, म्हणून तर आपली भुतं झाडावरची, सावली नसलेली. लिंगायत समाजात पुरतात, तान्ह्या लेकरांना पुरतात, मुसलमान आणि ख्रिस्ती समाजांची दफनभूमी असते. तरी पण अख्खं मराठी गाव त्यात बसत नाही. म्हणजे व्हॅम्पायर मराठीत आणायचा तर ‘जॉन’चा ‘जनार्दन’ करून भागत नाही. रीतभात, गाव, देव, दिवे जाण्याच्या वेळा, सगळंच नव्याने बसवावं लागतं. आणि नाव! लुचणे म्हणजे वासराने गाईला लुचणे. आमच्याकडे अजून हा शब्द रोजचा आहे. दूध पिणाऱ्या जिवाचं इतकं मायेचं क्रियापद, आणि ते या पुस्तकाच्या नावात मला ऐकू आलं तेव्हा अंगावर काटा आला. लेखकाच्या मनात तेच होतं की नाही, मराठीच्या बाईला त्याने फरक पडत नाही.

आणखी एक सांगते आणि पुढे जाते. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत एकेक घर बंद होत गेलं होतं. कोण दवाखान्यात, कोण घरातच, कोण परतच आलं नाही. शेजाऱ्याने बेल वाजवली की आम्ही दाराच्या आतूनच बोलायचो. त्यामुळे गावातलं एकेक घर अंधारात जातंय, हे मी गोष्ट म्हणून वाचू शकले नाही.

डिसेंबरमध्ये मुलगा पुण्याहून आला. इंजिनिअरिंगला आहे, वाचतो, पण इंग्रजी. मी कौतुकाने त्याला ‘लुचाई’ सांगायला लागले. लहान गाव, वरचा ओसाड वाडा, बाहेरून आलेला माणूस. त्याने मला मधेच थांबवलं. ‘आई, ही तर ‘सेलम्स लॉट’. स्टीफन किंग.’ मग त्याने यादीच वाचली : ‘शपथ’ ही किंगच्या ‘इट’वरून, ‘आजी’ ही कथा किंगच्या ‘ग्रॅमा’वरून. ‘तुंबाड’ सिनेमा बघितला होतास ना? तो ज्या धारपांच्या गोष्टीवरून सुचला म्हणतात, तीच ही ‘आजी’. हे सगळं त्याच्या पिढीला ठाऊक आहे, मलाच नव्हतं.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. घरातल्या मोठ्या माणसाबद्दल काहीतरी कळावं आणि ते सगळ्यांना आधीच माहीत असावं, तसं वाटलं. मी गेली पंचवीस वर्षं वहीवर लाल पेनाने ‘स्वतःचे लिही’ असा शेरा मारत आलेय. आणि ज्याच्याकडून मी लिहायला शिकले, त्याचंच पुस्तक दुसऱ्याच्या पुस्तकावर बेतलेलं!

मुलाने ‘सेलम्स लॉट’ ठेवून घेतलं माझ्यासाठी. साकेतची ‘लुचाई’ची नवी प्रतही त्यानेच आणून दिली, त्यामुळे शेवट मला वाचता आला. इंग्रजी मात्र मी शब्दकोश शेजारी ठेवून, रोज दहा-बारा पानं अशी वाचली. १९७५ सालची ही कादंबरी, किंगची दुसरी. वाचता वाचता राग जरा निवळला, त्याची कारणं दोन. पहिलं तर, त्या गावात काय चाललंय याचा संशय ज्यांना आधी येतो त्यात एक शाळामास्तर आहे, मॅट बर्क. दवाखान्याच्या खाटेवर पडून तो व्हॅम्पायरवरची पुस्तकं मागवतो आणि अभ्यास करतो. एखादा मास्तर दुसरं काय करणार! दुसरं कारण असं, की किंग स्वतः तेव्हा अमेरिकेतल्या मेन राज्यात शाळेत इंग्रजी शिकवत होता. वर्गात मुलांना ‘ड्रॅक्युला’ शिकवत होता. तो जुना ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर, या विचारातून त्याची कादंबरी निघाली, आणि हे तो उघड सांगतो. म्हणजे तोही कुणाच्या तरी खांद्यावर उभा. आणि १८९७ मध्ये ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर? त्याच्या आधी पंचवीस वर्षं शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ येऊन गेली होती. ‘ड्रॅक्युला’ हे नाव स्टोकरला इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात सापडलं. ट्रान्सिल्व्हानियाला तो कधी गेलाच नाही.

पण या सगळ्याने माझा प्रश्न सुटत नव्हता. सगळेच घेतात म्हणून घेणं बरोबर, असं मी वर्गात सांगू शकत नाही. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी चाळीस वह्यांत एकच निबंध येईल.

आणि नेमका तसाच एक आला. जानेवारीत, दुसऱ्या सत्रात, ‘माझा आवडता लेखक’. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाची वही. एरवी अर्धं पान लिहिताना घाम फुटणारा मुलगा, आणि दोन पानं सुवाच्य. वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीत ते वाक्य : ‘रोज रात्री झोपण्यापूर्वी आई मला ‘श्यामची आई’मधली एक गोष्ट वाचून दाखवत असे.’ काना-मात्रेसकट माझा निबंध.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं.

‘हे कुठून घेतलंस?’

‘मॅडम, तुमचंच आहे.’

‘ते दिसतंय मला. का घेतलंस?’

‘तुमचंच लिहिलं तर तुम्ही मार्क कसे कापताल, म्हणलं.’

हसू आवरणं कठीण झालं. शिक्षकांनी अशा वेळी खिडकीबाहेर बघायचं असतं, तसं बघितलं. मग विचारलं, ‘तुझी आई खरंच वाचून दाखवते का रे?’

‘नाही. तिला रात्री डब्यांचं निवडण-चिरण असतं.’ (त्याची आई एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पुरवते. चौथीपर्यंत शिकलेली आहे.) जरा थांबून त्याने सहजच विचारलं, ‘तुमची दाखवायची का, मॅडम?’

खोटं बोलायला किती सोपं होतं! एक ‘हो’ म्हटलं असतं तर विषय संपला असता. मी म्हणाले, ‘नाही. मी पण ते तसंच लिहिलं होतं.’

त्याने माझ्याकडे बघितलं, ते मी विसरणार नाही. रागावलेला नव्हता. एकदम बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होता.

दुसऱ्या दिवशी तास घेतला तो ठरवून घेतला नव्हता. मुलांना आधी पैठणला नेलं, म्हणजे गोष्टीतून. सहलीला सगळी पोरं जाऊन आलेली, नाथसागर आणि नाथांचा वाडा बघून आलेली. त्यांना म्हटलं, वेताळ पंचविशी माहीत आहे ना? विक्रम राजा, पाठीवर प्रेत, प्रेतात वेताळ. तो राजा कुठला? पोरं म्हणाली, उज्जैनचा. लोकप्रिय गोष्टीत आहेच तसं. पण काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यात वेताळाच्या या गोष्टी आहेत, आणि त्यातला राजा त्रिविक्रमसेन राहतो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात. म्हणजे पैठणला! इथून पन्नासेक किलोमीटर. रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजाने १८७० मध्ये या गोष्टी इंग्रजीत सांगितल्या, तेव्हा वेताळाला शब्द काय वापरला? व्हॅम्पायर. पुस्तकाचं नावच ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. आपला वेताळ रक्त पीत नाही, उलट कोडी घालतो, मास्तरांच्या जातीचाच आहे. पण बर्टनला दुसरा शब्द सापडला नाही. आपल्याला ‘व्हॅम्पायर’ला सापडत नाही, तसंच.

मग गुणाढ्याची गोष्ट सांगितली. ही पण सोमदेवानेच सांगितलेली. सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित. पैजेत हरला म्हणून त्याने संस्कृत, प्राकृत, लोकभाषा तिन्ही सोडल्या आणि जंगलात राहून पैशाची भाषेत, म्हणजे पिशाच्चांच्या भाषेत, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ती झिडकारली. मग तो एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. सहा लाख श्लोक असे गेले. राजाला उपरती होऊन तो आला, तेव्हा एक लाख उरले होते. इथे वर्ग अगदी गप्प झाला होता. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मग ते एक लाख कुठंयत?’ तेही नाहीत. मूळ बृहत्कथा हरवली. आपल्या हातात आहे ती सोमदेवाने सांगितलेली, क्षेमेंद्राने सांगितलेली, बुधस्वामीने सांगितलेली. दुसऱ्यांनी पुन्हा सांगितली नसती तर त्या गोष्टीतलं आज काहीच उरलं नसतं.

‘म्हणजे कॉपी चालते!’ एक जण ओरडलाच.

मग उलट बाजू सांगितली. १९२२ मध्ये जर्मनीत ‘नोस्फेरातू’ नावाचा मूकपट निघाला. सरळ ‘ड्रॅक्युला’चीच गोष्ट, नावं बदललेली, परवानगी नाही. स्टोकर तोवर वारला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स, तिला पुस्तकाच्या उत्पन्नाचाच आधार. तिने दावा लावला आणि जिंकला. सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करा, असा निकाल झाला. काही प्रती तरीही वाचल्या. गंमत अशी, की सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो हे जे आज प्रत्येक लेकराला माहीत आहे, ते स्टोकरच्या पुस्तकात नाही. तिथे ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. ते त्या चोरलेल्या सिनेमाने घातलं.

यावर वर्गात जे भांडण झालं, तसं माझ्या तासाला क्वचित होतं. मुलींचा गट बाईच्या बाजूने : तिच्या नवऱ्याची मेहनत, तिला विचारायला काय झालं होतं? मुलांतले दोघे म्हणाले, सगळ्या प्रती जाळल्या असत्या तर उन्हाची आयडिया गेली असती. एका मुलीने, जी एरवी बोलत नाही, म्हटलं, ‘मॅडम, घ्यावं, पण कुणाचं घेतलं ते सांगावं, अन् आपलं पण काहीतरी घालावं. नुसतं घेऊन बसू नये.’ मी ते फळ्यावर लिहिलं नाही. लिहिलं की पोरं पाठ करतात.

धारपांचं मी काय करायचं? माझं मत अजूनही पूर्ण ठरलेलं नाही. नाव सांगून घेतलेलं मला जास्त आवडतं, आणि तेवढ्यापुरती माझी तक्रार कायम आहे. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचल्यावर हेही खरं, की ज्या घरात इंग्रजी कादंबरी शिरणं शक्य नव्हतं, अशा खोकडपुऱ्यातल्या दोन खोल्यांपर्यंत ती भीती याच माणसाने आणून पोचवली. माझी मराठी त्यांच्या साध्या, छोट्या वाक्यांवर पोसली. नववीतल्या मुलीला किंग कोण देणार होतं? तिला तर धारपही कुणी देत नव्हतं.

त्या मुलाला मी शिक्षा केली नाही. म्हटलं, माझा निबंध घे, चौकट तीच ठेव, पण प्रत्येक वाक्यात तुझ्या घरातलं लिही. अकरा ओळी लिहिल्या त्याने. त्याला लेखक कुणी माहीतच नव्हता. मोबाइलवर भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या एका आवाजाबद्दल लिहिलं होतं. आई रात्री भाजी निवडते, तेव्हा तो कानात हेडफोन घालून ऐकतो, म्हणजे आईला तिच्या कामात भीती वाटू नये. शुद्धलेखनाच्या चौदा चुका. दहापैकी आठ दिले. सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या, उंचावू देत.

मग त्याने विचारलं, ‘तुमच्याकडं ते गावाचं पुस्तक आहे का?’ तासाला मी ‘लुचाई’चं नाव घेतलं होतं. मी दोन दिवस विचार केला. पुस्तक मोठ्यांसाठीचं आहे. पण मोबाइलवर ही पोरं जे बघतात त्यापुढे ते काहीच नाही, असं मनाशी म्हटलं आणि देऊन टाकलं. नवी प्रत मुलगा पुण्याला घेऊन गेला होता, म्हणून रद्दीतली दिली. त्याच्या आईला आधी विचारायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि पालक वाचत असतील तर त्यांच्यापुढे ही चूक कबूल करते.

पालकसभेला त्या बाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत पुस्तक. मला वाटलंच होतं.

‘मॅडम, हे भुताचं पुस्तक तुम्हीच दिलंय का ओ?’

‘हो, मीच. रागावलात का?’

‘रागावू नको तर काय करू? लेकरू लाईट बंद करू देईना. रात्रभर लाईट. बिल कोण भरणार?’

मी म्हटलं, चुकलंच माझं, द्या इकडे, परत घेते. त्यांनी पिशवी जवळ ओढून घेतली.

‘एकट्याला भ्या वाटतं म्हणून मोठ्यानं वाचतोय. रोज रात्री. मी मेथी निवडायले अन् हा वाचायलाय. काल संपलं.’ त्या जरा पुढे झुकल्या. मागे रांगेत सहा-सात पालक प्रगतिपुस्तकं घेऊन उभे होते. ‘तर शेवटची पानंच नाहीत ना त्यात. कुणी फाडली काय की. तुम्ही वाचलंय का पूर्ण?’

‘वाचलंय.’

‘मग सांगा ना, मॅडम. काय झालं त्या गावाचं?’

मी हजेरीपट मिटवला, शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली आणि सांगायला लागले.